सुनेची व्हॅन, सासऱ्यांचं स्टिअरिंग

माझी बायको कार्पेट धुते. हे कळलं की आलेला पाहुणा आधी आमच्या पायाखाली बघतो. आमच्या घरात कार्पेट नाही. "दिवसभर लोकांची धुतल्यावर घरी मला फडक्याने पुसता येईल अशी जमीन हवी," असं तिचं म्हणणं.

चार वर्षं तिने हा धंदा आमच्या छोट्या मोटारीतून केला. मागची सीट काढून तिथे मशीन ठेवलं होतं. गरम पाणी मारून मळ सुटा करायचा आणि तेच पाणी लगेच परत ओढून घ्यायचं, असं ते बावन्न किलोंचं धूड. त्याच्याभोवती पाइप, शाम्पूचे कॅन आणि ओली कार्पेटं वाळवायचे दोन पंखे. उरलेल्या जागेत बायको. त्या मोटारीला भिजलेल्या कुत्र्याचा वास यायचा. मी तिच्यातून ऑफिसला गेलो की शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून खिडकी उघडायचा.

मग तिला एका हॉटेलचं काम मिळालं. चाळीस खोल्या आणि लांबलचक कॉरिडॉर. अट एकच होती, पाहुण्यांचं गरम पाणी वापरायचं नाही, आपलं पाणी आपण आणायचं. म्हणजे टाकी आली. टाकी आमच्या मोटारीत ठेवायची तर बायकोला टपावर बसावं लागलं असतं.

"व्हॅन घ्यावी लागणार," ती म्हणाली.

हे वाक्य बाबांच्या कानावर गेलं. बाबा म्हणजे माझे वडील. एकतीस वर्षं शहराची बस चालवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तेव्हापासून चाक असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल घरात त्यांचा शब्द शेवटचा, मग ती ऑफिसची खुर्ची का असेना.

"गाडीचं माझ्यावर सोड, सूनबाई. तू फक्त रंग सांग."

"बाबा," मी म्हणालो, "तुम्ही आयुष्यात एकही गाडी विकत घेतलेली नाही. डेपोने दिली ती चालवलीत."

"डॉक्टर काय माणसं विकत घेतो का?" बाबा म्हणाले. विषय संपला.

पहिली व्हॅन बघायला आम्ही तिघे गेलो. पांढरीशुभ्र, उंच, लांब, आरशासारखी चकाकणारी. बाबा सरळ ड्रायव्हरच्या सीटवर चढले आणि तिथून खाली उतरेनात. "इथून अख्खा रस्ता दिसतो! पुढच्या चौकात कोण भांडतंय तेसुद्धा दिसतं!"

बायकोने इंजिनाकडे पाहिलंच नाही. ती मागे गेली, दार उघडलं आणि गाडीच्या तळाला आपला पाय लावून उभी राहिली. तळ तिच्या मांडीच्याही वर होता.

"नको," ती म्हणाली.

"अगं, गाडी काय गुडघ्याने पसंत करतात?"

"बाबा, बावन्न किलोंचं मशीन मी दिवसातून आठदा चढवते-उतरवते. शिवाय हॉटेलच्या तळघराच्या कमानीची उंची मी मोजून आलेय. ही आत शिरली तर टप बाहेरच राहील. आपल्याला उंटावरून शेळ्या नाही हाकायच्या."

कमानीचा उल्लेख झाल्याबरोबर बाबा मुकाट्याने खाली उतरले. त्यांच्या नोकरीत एकदा एक बस आणि एक पूल यांची भेट झाली होती, आणि त्या भेटीबद्दल ते कुणाशी बोलत नाहीत.

दुसरी व्हॅन एका फुलवाल्याची होती. बुटकी, हिरवी, आत अजून गुलाबांचा वास. तळ बरोबर गुडघ्याशी. बायको दारात उभी राहून नुसते श्वास घेत होती. चार वर्षं ओल्या कुत्र्यात काढल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? तिने मोजायची टेप काढलीसुद्धा नाही.

बाबांनी एक फेरी मारली. परत आल्यावर ते बॅटरी घेऊन गाडीखाली झोपले. त्यांचे नुसते बूट बाहेर दिसत होते.

"सूनबाई," आवाज खालून आला, "ही एक गाडी नाही. दोन आहेत. पुढचा भाग एकीचा, मागचा दुसरीचा. मधे लग्न लावलंय, आणि ब्रेक दाबला की दोघं वेगवेगळ्या दिशेला जातात."

विकणारा आकाशाकडे बघू लागला. बायकोने गुलाबांचा शेवटचा श्वास घेतला आणि दार लावलं.

तिसरी मिळाली ती करडी, दारावर पोचा आलेली, आधी एका लाँड्रीची. अंगावरची अक्षरं खरवडली होती, तरी ‘उद्या नक्की’ एवढं वाचता येत होतं. तळ गुडघ्याशी, बाजूला सरकतं दार, उंची कमानीत बसणारी. बाबांनी तिला चढावर थांबवलं, उलटी चालवली, एका हाताने वळवली, इंजिनाला कान लावला. बायकोने तोवर आतली लांबी, रुंदी आणि चाकांवरचे उंचवटे मोजून वहीत उतरवले. दोघं एकमेकांकडे न बघता एकाच वेळी म्हणाले, "हीच." मग दोघांनाही त्याचा जरा राग आला.

खरी मौज पुढे. व्हॅन गॅरेजमध्ये रंगाला गेली, तेवढ्या दिवसांत आत काय कुठे बसवायचं ते ठरवायचं होतं. बायकोने दिवाणखान्यातला सोफा भिंतीला लावला आणि चिकटपट्टीने जमिनीवर व्हॅनचा नकाशा आखला. पूर्ण मापाचा. मागचं दार स्वयंपाकघराकडे, सरकतं दार टीव्हीच्या बाजूला. पुढे, गाडी चालवणार तेच म्हणून, बाबांची खुर्ची, तोंड खिडकीकडे.

चार दिवस आम्ही त्या व्हॅनसोबत राहिलो. पहिल्याच सकाळी मी चहाचे कप घेऊन सरळ निघालो, तर दोघं एकदम ओरडली.

"भिंतीतून काय येतोस?"

"दार आहे ना तिकडे!" बाबा म्हणाले. "आणि आधी हॉर्न ऐकायचा."

मी टीव्हीला वळसा घालून सरकत्या दाराने आत आलो. चहा गार झाला होता.

बायको त्या चौकोनात खरं मशीन, खरे पंखे, खरे कॅन मांडून बघायची. जे आधी लागतं ते शेवटी भरायचं, हा तिचा नियम. म्हणून पाइपाचं रीळ मागच्या दाराशी, मशीन सरकत्या दारासमोर, शाम्पूचे कॅन कठडा असलेल्या फळीवर, पंखे एकावर एक पट्ट्याने बांधलेले. मग ती घड्याळ लावून सगळं बाहेर काढायची, म्हणजे स्वयंपाकघरात, आणि पुन्हा आत भरायची. बाबा पुढे बसून बघायचे आणि मधूनच स्टिअरिंगसाठी घेतलेली ताटली वळवायचे.

भांडण झालं ते टाकीवरून. दोनशे लिटरची टाकी बायकोने अगदी मागे, दाराजवळ ठेवायची ठरवली होती. तिथून पाइप कमी लागतो.

"मागे नको," बाबा म्हणाले. "माझ्या पाठीमागे, भिंतीला चिकटून घे. आणि टाकी आतून कप्प्यांची हवी."

"बाबा, पाणी आहे ते. त्याला खोल्या कशाला?"

"अगं, ऐक जरा."

"गाडी तुमची, मागचा संसार माझा. ठरलंय ना आपलं?"

असं काही ठरलं नव्हतं, पण बाबा गप्प बसले. ते इतक्या सहज गप्प बसलेले मी कधी पाहिले नव्हते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

व्हॅन घरी आल्यावर वेल्डरने टाकी बायकोच्या म्हणण्याप्रमाणे मागे बसवली. काठोकाठ भरली. बाबा अदबीने म्हणाले, "चला सूनबाई, चक्कर मारू." मीही मधे बसलो. आमच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी गाडी बऱ्यापैकी पळवली आणि ब्रेक दाबला.

गाडी थांबली. मग पाणी आलं. धडाम्‌ करून गाडी आणखी हातभर पुढे सरकली. मग पाणी परत गेलं, धडाम्‌, आणि आमच्या माना मागे गेल्या. तिसऱ्या धडामला मी मांडीवरची बायकोची मापांची वही सोडून दिली.

बाबांनी इंजिन बंद केलं. "दोनशे लिटर म्हणजे तीन माणसं. तीन उभे प्रवासी, तिघांनीही दांडा न धरलेला. आणि उभे कुठे, तर अगदी शेवटी. चढावर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात राहत नाही. मी एकतीस वर्षं बसमध्ये ओरडत आलो, पुढे सरका, पुढे सरका. लोकांना वाटायचं म्हातारा खेकसतोय."

बायकोने मान चोळली. "हे तोंडाने का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो. तू संसार करत होतीस."

तिला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी वेल्डर परत आला. आता टाकी पुढे, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या जाड फळीला चिकटून, आत कप्पे पाडणारे तीन आडवे पत्रे घातलेली, लोखंडी पट्ट्यांनी तळाला आवळलेली. बाकीचं सामान नव्याने मांडून बघायला दिवाणखान्यातली चिकटपट्टी उचकटून पुन्हा लावली गेली आणि माझा चहाचा रस्ता पुन्हा बदलला.

हॉटेलच्या पहिल्या दिवशी निघायची वेळ ठरली सात दहा. बाबा पावणेसातपासून गाडीत. इस्त्रीचा शर्ट, आरसे पुसलेले. बायको सात अकराला हातमोजे घेऊन खाली आली, तर व्हॅन कोपऱ्यावरून वळत होती.

"बाबा!" ती ओरडली. व्हॅनने वळणाचा दिवा अगदी नियमाप्रमाणे लावला आणि ती दिसेनाशी झाली.

फोन लावला. गाडी चालवताना बाबा फोन घेत नाहीत. शेवटी किल्ली शोधण्यात अर्धा तास घालवून आमच्या त्या वासाच्या मोटारीतून मी तिला घेऊन निघालो. रस्ताभर ती म्हणत होती, "वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आणि इथे घोडं म्हणजे मालकीण!"

हॉटेलच्या तळघरात पोचलो. व्हॅन लिफ्टजवळ नीट लावलेली होती, दोन्ही दारं सताड उघडी. मशीन उतरलेलं. रीळ सुटं करून पाइप जिन्याने वर गेलेला, वळणावर कुणी अडखळू नये म्हणून भिंतीकडेने. पंखे क्रमाने उभे. आणि बाबा व्हॅनच्या मागच्या बाजूला काहीतरी शोधत होते.

"कुठे होतीस?" ते म्हणाले. "मला वाटलं मागे बसलीयेस."

"मागे? टाकीवर?"

"सात दहाला गाडी सुटते," बाबा पुटपुटले, पण त्यांचे कान लाल झाले होते. "उद्यापासून बघून सोडीन."

ती रागवायला आली होती हे मला ठाऊक होतं. वाटेत तिने दोन वाक्यं तयारही केली होती. पण पाइपावर तिची नजर फिरली, मशीनवर फिरली, आणि ती दोन्ही वाक्यं कुठे गेली कोण जाणे. "सगळं एकट्याने काढलंत? कंबर कशी आहे?"

"गुडघ्याएवढ्या उंचीवरून काढायला काय लागतं?"

एवढ्यात हॉटेलची देखरेखीची बाई खाली आली, तिने बाबांना बघून विचारलं, "हे कोण?"

"आमचे वाहतूक प्रमुख," बायको म्हणाली. बाबांनी शर्टाची कॉलर सरळ केली.

मला ऑफिसला जायला उशीर झाला होता, पण मी पहिली खोली होईपर्यंत थांबलो. मशीन घुमलं, बायको एका टोकापासून मागे मागे सरकत आली, आणि मातकट दिसणाऱ्या कार्पेटमधून निळा रंग वर आला. बाबा दारात उभे होते. इतकी वर्षं सून काय काम करते ते त्यांनी काळ्या पाण्याच्या बादल्यांवरून ओळखलं होतं, खोली कधी पाहिली नव्हती. पंखे लावून तासभर झाल्यावर त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि पाऊल टाकलं. मग दुसरं. खिडकीपर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "सूनबाई, पुढची खोली किती नंबरची?"