शनीचा एकविसावा आकडा

कोपरीतल्या बाबुरावांच्या शेअर दलालीच्या हॉलमध्ये त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती, कारण सहदेव महाराज संगणकावर कृपा करायला आले होते. साल अठ्ठ्याण्णव. पडद्यावर वीस कंपन्यांचे भाव धावत, एकविसावी टाकली की तिची जागा कोरीच. महाराजांनी मॉनिटरला उदी लावली, हा शनीचा आकडा आहे म्हणाले आणि एका नावाचा त्याग करायला सांगितलं. एक कंपनी काढली. नवीचा भाव झळकला. माणसं पाया पडली.

मग महाराजांनी दोषाचं मूळ सांगितलं. यंत्राला विधवेचा हात लागतो. ऑपरेटर शकूचा नवरा मागच्या वर्षी गेला होता, घर तिच्याच पगारावर चाललं होतं. बाबुरावांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

दुरुस्तीला बोलावलेली इंजिनिअर नीला दारात उभी राहून हे ऐकत होती. तिचं डोकं सणकलं.

"महाराज, आता काही न काढता एक नाव वाढवून दाखवा."

मंगळवारी शक्ती मौनात असते, असं उत्तर आलं.

नीलाने शकूलाच खुर्चीत बसवलं. नवं नाव टाकताच यंत्राने कळवलं, जागा नाही. नीलाने समजावलं, की प्रत्येक कंपनीचे भाव नेटवर्कवर वेगळ्या गटात येतात आणि संगणकाचा गाभा, म्हणजे कर्नल, एका प्रोग्रॅमला वीसच गटांत शिरू देतो. एखादा बिघडलेला प्रोग्रॅम सगळी मेमरी खाऊ नये म्हणून तो आकडा माणसांनीच ठरवलाय.

"मग मर्यादाच काढून टाका," बाबुराव म्हणाले.

"नको. कुंपण हवंच, फक्त गरजेएवढं. तुम्हाला चाळीस कंपन्या बघायच्यात, आपण पन्नास ठेवू."

तिने आकडा बदलून कर्नल नव्याने तयार केला. दुपारी शकूने बटण दाबलं आणि एकविसावा भाव आला, मागोमाग बाविसावाही.

आशीर्वाद फळला, महाराज पुटपुटले. तेवढ्यात गर्दीतले भगवान नावाचे एक गिऱ्हाईक म्हणाले, "टेंभी नाक्याच्या ऑफिसातपण असंच अडलेलं. तिथल्या ऑपरेटरने एक नाव काढल्यावर चालू झालं, तेव्हा महाराज तिथेच बघत बसलेले."

महाराजांना अचानक दुसरीकडे जायचं आठवलं.

बाबुरावांनी शकूला हळूच सांगितलं, उद्या ये.

"मघाशी सगळ्यांसमोर काढलंत," शकू म्हणाली, "आता बोलवायचं तेही सगळ्यांसमोर."

त्यांना मोठ्याने सांगावंच लागलं.

यंत्र अडलं, तर ते का अडलं हे यंत्रालाच विचारावं. ते खरं सांगतं, दक्षिणा मागत नाही, आणि कोणाच्या कपाळाकडे बघत नाही.