योसेफाचा बाप कोण?

चर्चच्या भिंतीवर येशूची वंशावळ रंगवायचं काम तिला मिळालं होतं. झाडाच्या फांद्यांवर एकेक नाव लिहीत ती योसेफापर्यंत पोचली आणि अडली. बायबलमधल्या एका शुभवर्तमानात त्याचा बाप याकोब होता, दुसऱ्यात एली.

"फादर, यातला खरा कोणता?"

"काही जण म्हणतात, ते दोघे भाऊ. एली मूलबाळ न होता गेला, म्हणून याकोबाने त्याच्या विधवेशी लग्न केलं. मुलगा याकोबाचा, नाव एलीचं. नक्की कुणालाच ठाऊक नाही."

तिचं चित्त थाऱ्यावर राहिना. ती दोनदा शिडीवरून उतरली, दोनदा चढली. तिलाही जन्म दिला होता दोन भावांपैकी धाकट्याने आणि वाढवलं थोरल्याने, ज्याला ती बाबा म्हणायची. घरात सगळ्यांना माहीत होतं, पण विषय निघाला की जो तो मिठाची गुळणी धरायचा.

शेवटी तिने अंगणात जाऊन धाकट्याला फोन लावला.

"काका, मला देऊन टाकल्याचं कधी वाईट वाटलं?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"तुझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी मी फाटकापाशी उभा होतो. तू दादाचं बोट धरून हसत आत गेलीस. मग परत नाही आलो, बाळा."

डोळे पुसून ती शिडीवर चढली आणि योसेफाकडे येणाऱ्या दोन फांद्या रंगवल्या.

"लोक विचारतील हो," फादर म्हणाले.

"विचारू देत."

घरी गेल्यावर या फोनबद्दल बाबांना काय सांगायचं, ते मात्र तिला संध्याकाळपर्यंत सुचलं नाही.