निळ्या साडीचं दुपटं

प्रेमिलाबाईंचा टाका वरून तांदळाच्या दाण्याएवढा आणि खालून तिळाएवढा पडत होता. धावदोरा दोन्ही बाजूंनी सारखाच दिसला पाहिजे, असं उत्तराचं मत होतं. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला, दुपटं खिडकीच्या उजेडात धरलं आणि एका ओळीवरून शेवटपर्यंत नजर फिरवली. सुरुवातीला ओळ काठाला समांतर होती. मध्यापर्यंत येता येता ती बोटभर खाली उतरली होती आणि तिथून पुढे तशीच, आरामात, टोकाला गेली होती.

"कसं झालं, विहीणबाई?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"छान आहे," उत्तरा म्हणाली, आणि घडी घालून ते तिने ढिगाच्या तळाशी सरकवलं.

धरमपेठेतल्या तिच्या घरी दर बुधवारी दुपारी बायका जमत. सरकारी दवाखान्यात जन्मणाऱ्या बाळांसाठी दुपटी शिवत. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर उत्तराने हे सुरू केलं होतं, आणि त्याला प्रयोगशाळेची शिस्तही तिनेच लावली होती. आलेलं प्रत्येक कापड उकळत्या पाण्यातून निघायचं, इस्त्री व्हायचं, मग पट्टीने आखून कापलं जायचं. टाके खडूच्या रेघेवर. रेघ सोडून कोणी जायचं नाही.

त्या बुधवारी तिची मुलगी वेदिका सासूला, प्रेमिलाबाईंना, घेऊन आली. वेदिकाला सातवा लागला होता. सासर मनीषनगरचं, सासूबाई मूळच्या नरखेड तालुक्यातल्या, संत्र्याच्या बागेतून मुलाच्या फ्लॅटमध्ये आलेल्या. येताना त्यांनी गावाकडच्या बायकांकडून मागून आणलेल्या जुन्या लुगड्यांचं गाठोडं आणलं होतं. वापरून वापरून कापड इतकं मऊ झालेलं, की बायका शिवायचं सोडून ते गालाला लावून बघायला लागल्या.

"प्रेमिलाताई, तुम्ही रेघ न मारता कशा हो शिवता?" शेजारची हर्षा म्हणाली. "आम्ही जरा रेघेबाहेर गेलो की उत्तराताई आम्हाला वर्गाबाहेर काढतात."

"आमच्या वावरातल्या सऱ्या बी इतल्या सरळ नसतात वं माय," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "अन् त्या लेकराले काय समजते सरळ अन् वाकडं? त्याले ऊब पाह्यजे. ते तर त्याच्यावर पहिल्याच दिवशी मुतते."

सगळ्या खळखळून हसल्या. उत्तराही हसली, पण इतरांचं हसून झाल्यावर.

"आई, सुई दे इकडे, मी ओवते," वेदिका म्हणाली.

उत्तराने सुई पुढे केली. वेदिकाचा हात दुसरीकडे वळला होता. प्रेमिलाबाईंच्या हातातली सुई घेऊन ती दोरा ओठांत ओला करत होती. उत्तराने आपली सुई पुन्हा कापडात टोचली. कोणी पाहिलं नव्हतं. हर्षाने पाहिलं असावं. ती एकदम उन्हाविषयी बोलायला लागली.

लग्नानंतर वर्षभर वेदिका सासूला "अहो आई" म्हणायची. तेव्हा उत्तराला बरं वाटायचं. त्या "अहो"मुळे दोन आयांमध्ये एक नीट भिंत उभी होती. ती कधी पडली ते उत्तराला कळलंच नाही. आता फोनवर पलीकडून "काहून वं आई, गरम पाणी पाह्यजे का तुले?" असं ऐकू यायचं, आणि ते आपल्याला उद्देशून नाही हे कळायला उत्तराला एक क्षण लागायचा. धरमपेठेत वाढलेली पोरगी, इंग्रजीतून शिकलेली, "काहून" म्हणायला लागली!

बायका गेल्यावर उत्तराने ढिगाच्या तळाचं दुपटं बाहेर काढलं. इतरांचंही ती काढायची. हर्षाच्या ओळी टोकाला सुटायच्या, त्या ती पक्क्या करायची. कुणाच्या आतल्या थराला सुरकुती असायची, ती उसवून सपाट करायची. यातलं कोणाला काही सांगायचं नाही हाही तिचाच नियम. प्रयोगशाळेत चुकीचं वाचन आलं की ते पुन्हा घ्यायचं, त्याचा गाजावाजा कशाला?

पण प्रेमिलाबाईंचा दोरा उसवताना तिला जे सुख झालं, ते नियमात बसणारं नव्हतं. टाक्यांमधून कात्रीचं टोक घालून ती एकेक टाका तोडत गेली. कट, कट.

"आता यात काय वाईट होतं?" तिचे यजमान वसंतराव वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"दोरा निघाला तर बाळाच्या बोटाला गुंडाळेल."

"निघत होता?"

"निघाला असता."

वसंतरावांनी पान उलटलं. "वेदिकाचं काय ठरलं? कधी येतेय?"

त्याच प्रश्नाने उत्तराला महिनाभर पोखरलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. मागची खोली तिने रंगवून घेतली होती. खिडकीला जाळी बसवली होती. वेताच्या पेटीत बाळंतविडा तयार होत होता: झबली, टोपडी, कुंच्या, सगळं तिच्या हातचं, सगळं मोजून मापून. डॉक्टरांशी बोलून झालं होतं. आणि वेदिका म्हणत होती, "बघू." विचारलं की बघू. जोर देऊन विचारलं की, "बघू ना गं आई, घाई काय आहे?" गंमत म्हणजे प्रेमिलाबाईच तिला रागवायच्या. "बघू काय? पहिली खेप माहेरीच असते." त्यांनी हे म्हटलं की उत्तराच्या नाकाला जास्तच मिरच्या झोंबायच्या. आपल्या मुलीसाठी आपली वकिली या बाईने करायची!

पुढचे काही बुधवार वेदिका आली नाही. पाय सुजतात म्हणाली. प्रेमिलाबाई घरूनच शिवून पाठवायच्या. एके दिवशी जावई पियुष ऑफिसला जाता जाता पिशवी देऊन गेला.

"दवाखान्याची दुपटी आहेत, आई. पलंगावर होती ती सगळी भरून आणली," एवढं म्हणून तो गाडीला किक मारून गेलाही.

उत्तराने पिशवी पलंगावर रिकामी केली. लाल लुगड्याचं, हिरव्या लुगड्याचं, ठिपक्यांच्या चादरीचं. आणि खाली एक फिकट निळं.

तिने ते उचललं नाही. आधी नुसतं बघितलं. मग काठ शोधला. काठाजवळ चण्याएवढी रफू होती. प्रयोगशाळेत आम्लाचा थेंब पडून साडीला भोक पडलं होतं, ते तिने स्वतः, साडीचाच धागा काढून, भरलं होतं. तिची निळी सुती साडी. नोकरीतली तिची सगळ्यात आवडती. दिवाळीला वेदिकाने मागून नेली होती. "तुझ्या वासाची आहे, नेसेन कधीतरी," म्हणाली होती, आणि तेवढ्या वाक्यावर उत्तराने पुढचे कितीतरी दिवस काढले होते.

तर ती त्या बाईने कापली. कापली, आणि दवाखान्याच्या पिशवीत टाकली.

टाके तर इतके वाईट, की प्रेमिलाबाईंच्या मानानेही वाईट. कुठे लांब, कुठे एकावर एक. ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. मनच नव्हतं शिवण्यात! उत्तराचे कान तापले. लोकांची लुगडी जपून शिवायची आणि माझी साडी अशी, पायपुसण्यासारखी.

पोळ्या करायच्या बाजूला ठेवून ती कात्री घेऊन बसली. या वेळी तिने काहीच शिल्लक ठेवलं नाही. सगळे दोरे काढले, थर वेगळे केले, धुतले, उकळले, इस्त्री केले. पट्टी ठेवून रेघा आखल्या. मग आठवडाभर दुपारची झोप मोडून शिवत राहिली. शेवटचा टाका घातला तेव्हा दुपट्याची वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, हे ओळखू येत नव्हतं. ते दवाखान्यात जाणार नव्हतं. बाळंतविड्याच्या पेटीत तिने ते सगळ्यात वर ठेवलं.

बुधवारी बायका यायच्या आधीच वेदिका आणि प्रेमिलाबाई आल्या. वेदिकाला जिना चढून धाप लागली होती. टेकते न टेकते तोच ती म्हणाली, "आई, पियुषने चुकून एक जास्तीचं दुपटं आणलं का गं इकडे? निळं?"

"आणलं ना." उत्तराने वाट पाहिलेला क्षण हाच होता. तिने पेटी पुढे ओढली. "चुकून कसलं, दवाखान्यात निघालं होतं. मी ओळखलं म्हणून वाचलं. बघ."

वेदिकाने दुपटं मांडीवर घेतलं. ओळींवरून बोट फिरवलं. उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं.

"हे कोणी शिवलं?"

"मी. आधीचं काम फारच वाईट होतं. सगळं उसवून पुन्हा शिवलं."

"सगळं?"

"एक टाका ठेवला नाही."

प्रेमिलाबाईंनी वेदिकाकडे पाहिलं आणि घाईघाईने बोलायला सुरुवात केली.

"मीच शिवलं होतं, विहीणबाई. माह्या हातानं सरळ येतच नाही, तुम्हाले तर माहीतच हाय. चष्मा बी नव्हता त्या दिवशी. बरं केलं तुम्ही उसवलं ते."

"मला वाटलंच होतं," उत्तरा म्हणाली. तिला आतून गार गार वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती प्रेमिलाबाईंसमोर निवांत टेकून बसली.

"आई, नको गं," वेदिका म्हणाली.

उत्तराने मान वर केली. वेदिका सासूशी बोलत होती.

"नको खोटं बोलूस माझ्यासाठी. ते मी शिवलं होतं." आता ती उत्तराकडे वळली. "महिना लागला मला. बोटं सोलून निघाली. बाळाला पहिलं कापड आजीच्या जुनेराचं घालायचं असतं, तर तुझ्या आईची साडी घे, असं ही आईच म्हणाली. मला शिवता येत नाही म्हटलं, तर म्हणाली, वाकडं तर वाकडं, तुह्या हातचं होऊ दे. तिने एक टाका घातला नाही. आज मी ते तुला दाखवायला आणणार होते."

"मला काय माहीत?" उत्तरा म्हणाली. "तू कधी सुई हातात धरलीस का या घरात?"

"धरली होती. आठवीत, शाळेच्या रुमालासाठी. सकाळी उठले तर तू तो उसवून नवा शिवून ठेवला होतास. बाईंनी वर्गात सगळ्यांना दाखवला, बघा वेदिकाचा रुमाल. मला कुठे बघावं कळेना."

उत्तराला तो रुमाल आठवत होता. निळ्या दोऱ्याची साखळी आणि कोपऱ्यात फूल. आपण मुलीसाठी जागलो, एवढंच त्याबरोबर आठवत होतं. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि ते काय हे तिला जवळजवळ सापडलंही. पण तोंडून निघालं ते भलतंच.

"पण आता किती नीट झालंय, बघ तरी."

वेदिकाने दुपट्याची घडी घातली. सावकाश, कोपऱ्याला कोपरा जुळवून, अगदी आईसारखी.

"झालं ते झालं," प्रेमिलाबाई उठत म्हणाल्या. "दोघीजणी अशा तोंड पाडून काहून बसल्या? विहीणबाई, सोमवारी मीच आणून सोडते तिले. पहिली खेप माहेरची, तिच्यात बदल नाही. तिचे लाड तुम्ही करा, मी फक्त डिंकाचे लाडू धाडते."

म्हणजे आता पोरगीही हिच्याच हातून घ्यायची. जुन्या लुगड्यांच्या गाठोड्यासारखी, हिने उदार मनाने आणून ठेवलेली. उत्तराचं अंग आतून पेटलं आणि त्या भरातच तिने, इतके दिवस गोड आवाजात विचारलेलं, आज तोडून विचारलं.

"त्यांचं राहू दे. तू सांग. येणार आहेस की नाही? आणि बघू म्हणू नकोस."

जिन्यावर हर्षाचा आणि बाकीच्या बायकांचा आवाज यायला लागला होता. वेदिकाने एक हात पोटावर ठेवला आणि दुसऱ्याने उठायला आधार शोधला. दोन्ही बायांनी हात पुढे केले. तिने कुणाचाच घेतला नाही. खुर्चीची पाठ धरून ती उभी राहिली.

"नाही, आई," ती म्हणाली. "मी बाळंतपणाला इथे येणार नाही. मी मनीषनगरलाच राहणार आहे."