जळक्या कडेचं पाकीट

लोकांच्या तोंडात डोकावून डोकावून दातांच्या डॉक्टरांना माणसांचा कंटाळा आला होता, पण पाकिटांचा कधी आला नाही. बोट बुडाली, टपालाच्या गाडीला आग लागली, की त्यातून वाचलेल्या पत्रांवर टपालखातं अपघाताचा शिक्का मारायचं. अशीच जुनी पाकिटं ते जमवत. बायको म्हणायची, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाताय." डॉक्टर हसून सोडून द्यायचे.

डोंगरात कोसळलेल्या एका टपाली विमानातलं पाकीट मात्र त्यांना कधीच मिळालं नव्हतं. ते लिलावात येतंय म्हटल्यावर त्यांनी दवाखान्याला कुलूप ठोकलं आणि भिंग घेऊन माल बघायच्या खोलीत हजर झाले.

पाकीट एका पिकल्या केसांच्या बाईंच्या हातात होतं. त्या ना शिक्का बघत होत्या, ना तिकीट. प्लास्टिकवरून पत्त्याच्या अक्षरांवर बोट फिरवत होत्या. डॉक्टर शेजारी बसले तशा त्या आपणहून बोलू लागल्या. पत्ता त्यांच्या आईचा होता, अक्षर वडिलांचं. वडील लांब धरणाच्या कामावर होते, तिथेच तापाने गेले. हे त्यांचं शेवटचं पत्र. अपघातातून निघून ते येईपर्यंत आईने घर बदललं होतं, त्यामुळे ते पोचलंच नाही, आणि फिरत फिरत इथे आलं. आतला कागद तर कधीच जळून गेला होता.

"आई अजून आहे," बाई म्हणाल्या. "दिसत नाही तिला आता. नुसतं हातात धरायचंय म्हणते. तुम्ही बोली लावू नका, एवढंच मागते."

डॉक्टरांनी मान हलवली. होकाराची म्हणावी तर होकाराची, नाही तर नाही.

लिलाव सुरू झाला. बाईंनी बोलीची पाटी वर केली. मागून एका दलालाने केली. हे दलालाच्याच घशात जाणार, मग मी का नको, असं डॉक्टरांनी स्वतःला समजावलं आणि पाटी उचलली. दलालाने लवकरच अंग काढून घेतलं. उरल्या बाई. डॉक्टरांचा हात तेव्हा खाली यायला हवा होता. तो आला नाही. शेवटी बाईंनी पाटी मांडीवर पालथी घातली आणि मागे वळूनही न बघता निघून गेल्या.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं, पण पाकीट बघायला काही ती उठली नाही. त्या रात्रीपासून डॉक्टरांना अन्न गोड लागेना. दोन आठवडे असेच काढून त्यांनी लिलाववाल्यांकरवी निरोप धाडला: पाकीट घेऊन जा, मला काही नको. बाईंचा फोन आला.

"आता राहू द्या," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "आईला मी सांगून टाकलं, ते पत्र विमानाबरोबरच जळालं म्हणून. तिने एकदाच विचारलं, सगळं का गं? मी हो म्हटलं. त्या दिवसापासून तिने खाणं टाकलं. परवा गेली."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

पुढे संग्राहकांच्या प्रदर्शनात त्या पाकिटापुढे गर्दी झाली. जळक्या कडेवर काजळी कशी धरली आहे, शिक्का किती स्वच्छ उमटला आहे, हे डॉक्टर सगळ्यांना समजावून सांगत होते. गर्दीतल्या एका मुलीने पत्त्यावरचं नाव वाचून विचारलं, या कोण?

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि भिंग पुन्हा शिक्क्यावर धरलं.