पुष्पासाठी उतरवलेली पानं

कहकशांबाईंच्या वर्गात गोष्टीचा शेवट आधी कुणाला मिळायचा नाही. रडून मागा, लाडात मागा, बाई बधायच्या नाहीत. घाटंजीहून स्कूटरवर तांड्याच्या शाळेत यायचं, दुपारची खिचडी झाली की कादंबरीचं एक प्रकरण वाचायचं, आणि नेमकं शेवटचं पान राखून ठेवायचं. मग मुलांनी पाटीवर, वहीवर 'पुढचं पान' आपल्या मनानं लिहायचं. सगळ्यांचं वाचून झालं की बाई पुस्तकातलं खरं पान वाचणार. अठ्ठावीस वर्षं हीच रीत होती, आणि या रीतीवर मुलांची वर्षं मोठी आनंदात गेली.

यंदाची कादंबरी झिंगी नावाच्या मुलीची आणि तिच्या मोरी गायीची होती. झिंगीच्या घरच्यांना गाव सोडावं लागतं, गाय मागे राहते आणि एके दिवशी दावं तोडून झिंगीला शोधायला निघते. अकरा प्रकरणं, आणि वर्गात प्रत एकच. पाचवीची बावीस मुलं त्या गायीमागं रानोमाळ हिंडत होती. हजेरी घेताना लखननं एकदा विचारलंही होतं, मोरी रोज येते तर तिचं नाव हजेरीत काहून नाही.

सगळ्यांत जास्त जीव गुंतला होता तो पुष्पाचा. सातवं प्रकरण झालं त्या दुपारी ती बाईंच्या खुर्चीला चिकटून उभी राहिली.

"मॅडम, मोरी झिंगीले भेटते का? तेवढंच सांगा. आमी परवा चाललो."

पुष्पाचा बाप रामधन ऊसतोडीला जाणार होता. मुकादमाचा ट्रक ठरला होता, आणि धाकट्या भावाला सांभाळायला पुष्पाला जाणं भाग होतं. बाई त्याच्या दारात जाऊन बसल्या, बोलल्या. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि होळी झाली की पोरीला पहिल्यांदा शाळेत आणून सोडतो म्हणाला. त्याच्याजवळ दुसरा इलाज नव्हता हे बाईंनाही दिसत होतं.

एका वाक्यात शेवट सांगून टाकता आला असता. पण बाईंना ते करवेना. त्या स्वतः दहा वर्षांच्या असताना वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकाची मागची पानं कुणीतरी फाडून नेली होती. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यांचे अब्बा शब्बीरमियां कंदील-स्टोव्ह दुरुस्त करायचे. हातातला स्टोव्ह बाजूला ठेवून त्यांनी लेकीला एक शेवट जुळवून सांगितला. शेवट गोड होता, पण तो त्या पुस्तकातला नव्हता. आता बाईंचे केस पांढरे झाले, अब्बा जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी भाजी निवडताना मध्येच ते पुस्तक आठवायचं आणि हात थांबायचा.

म्हणून बाईंनी दुसऱ्या दिवशी आठवं आणि नववं अशी दोन प्रकरणं वाचली. राहिलेली दोन वहीत उतरवून पुष्पाबरोबर द्यायची ठरली. दहावं प्रियंकानं शाळेतच बसून उतरवलं. अकरावं लखनकडे आलं, कारण अक्षर त्याचं मोत्यासारखं. तो संध्याकाळी पुस्तक घरी घेऊन गेला. सकाळी बाई पोचल्या तेव्हा ट्रक वळणावर गेला होता. वही मात्र लखननं वेळेत पुष्पाच्या हातात दिली होती.

दोन दिवसांनी बाईंनी वर्गात अकरावं प्रकरण वाचलं. मोरी नदीकाठच्या एका वस्तीपर्यंत पोचते. तिथं एक एकटी म्हातारी तिला थारा देते, आणि मोरी तिथंच राहते. झिंगी तिला भेटत नाही. पोरांनी माना खाली घातल्या. लखन तर डेस्कखाली काही पडलं असावं तसा वाकून बसला होता.

"मॅडम," तो तसाच वाकून म्हणाला, "म्या हे नाही उतरवलं. म्या भेटवलं त्याइले."

बाईंनी विचारलं, कायले रे?

"पुष्पाची बकरी इथंच राह्यली ना. मंग तिले कसं लिवू, का नाही भेटली म्हणून? अन् तुमीच तं सांगता, पुढचं पान आपल्या मनानं लिवा."

बाईंना रागवायला जागाच राहिली नाही. पण पुष्पाच्या हातात खरा शेवट पडला नव्हता, आणि ते त्यांना स्वस्थ बसू देईना. दोन दिवस रामधनचा फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत लागला. ते लोक कोल्हापूरकडे कुठल्याशा शेतात उसाच्या पाचटानं शाकारलेल्या झोपडीत, कोपीत, राहत होते. बाईंनी फोन स्पीकरवर करून टेबलावर ठेवला, आणि खिचडीचे हात न धुताच सगळा वर्ग त्याच्याभोवती गोळा झाला.

बाई सांगणार त्याआधी पुष्पानंच विचारलं. "मॅडम, शेवटचं लखननं मनानं लिवलं ना?"

"तुला कसं कळलं गं?"

"त्याची मोरी झिंगीच्या गळ्यात पडून रडते, अन् म्हणते, चाल घरी. पुस्तकातली मोरी दहा प्रकरणं एक शब्द नाही बोलली."

पोरं फिदीफिदी हसली. लखनचे कान लाल झाले.

"त्याले म्हणा, बाकी चांगलं हाये. इथल्या बायांले म्या त्याचंच वाचून दाखवलं. आता खरं वाचा. पुरं वाचा."

बाईंनी पुस्तक उघडलं. शिकवताना त्या इतक्या सावकाश कधी वाचत नसत. नदी आली, वस्ती आली, म्हातारीनं दार उघडलं, आणि पुस्तक संपलं. पलीकडे लहान पोर किरकिरत होतं, लांबवर ट्रॅक्टर चालू होता.

"पुष्पा, ऐकू येतंय ना गं?"

"हाओ." मग तिनं विचारलं, "ते म्हातारी मोरीले येळेवर पाणी दाखवते का?"

बाईंनी शेवटचं पान पुन्हा वरून खालपर्यंत पाहिलं. "पुस्तकात नाही लिहिलेलं, बेटा."

पलीकडून रामधनची हाक आली. पुष्पा घाईनं म्हणाली, "दाखवत असन. नाही तं मोरी राह्यलीच नसती तिथं. ठेवतो मॅडम," आणि फोन बंद झाला.