सोनगीरचं पिवळं पाणी

"बठ्ठी उतरी गई! दखा, दखा, बठ्ठी कावीळ उतरी गई!"

सगळी कावीळ उतरल्याचं ओरडत तोतारामबाबानं बाटली डोक्यावर धरली आणि सोनगीरच्या त्या पत्र्याच्या शेडमधली गर्दी हात जोडून उभी राहिली. मघाशी पिवळंजर्द असलेलं पाणी आता पांढुरकं झालं होतं. बायका डोळे पुसायला लागल्या. एक आबा तर बाबाच्या पायांवर आडवेच झाले. मी मात्र पलककडे बघत होते. सातवा महिना, डोळे पिवळे, सासूच्या खांद्यावर टाकलेली मान. पाण्याची कावीळ उतरली होती, तिची नव्हती.

मी अमळनेरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पलक माझी विद्यार्थिनी, आता शेजारची सून. सासरे मोहनलालशेठ तेलाचे व्यापारी. गरोदर बाईची कावीळ जिवावर बेतू शकते, तिला जळगावला दाखल करा, असं डॉक्टरांनी गेल्याच आठवड्यात बजावलं होतं. पण सासूबाई कुसुमलताभाभींनी तिला सोनगीरला आणलं. आज दुसऱ्या खेपेला मी जबरदस्तीनं गाडीत बसले.

बाबाची रीत ठरलेली. पडद्यामागून फडक्यात गुंडाळलेली बाटली आणायची, रोग्याच्या पोटावरून फिरवायची आणि मग फडकं काढून आतलं पिवळं पाणी दाखवायचं. "कावीळ बाटलीमा उनी!" पहिल्या मंगळवारी तो त्यात आपलं मंतरलेलं तेल घालून हलवतो. पिवळा रंग जात नाही. "आजून शे. पुढला मंगळवारे घरनं तेल आन." दुसऱ्या मंगळवारी रोग्याच्या घरचं तेल घातलं की रंग गायब! तेल आपल्याच घरचं, मग फसवणूक कसली, असं वाटून शहाणीसुरती माणसंही गप्प बसतात.

नाकाला झोंबणारा वास आला, तेव्हा मी विचारलं, "बाबा, हा वास कसला?"

"कावीळना वास शे, माय."

कावीळचा वास म्हणे! उद्या तिला शेपूटही फुटेल.

"आता हिला दवाखान्यात नेऊ ना?"

"दवाखाना? औषध-बिवषध काही घेवानं नई!"

परतताना पलक माझ्या कानाशी लागली. "मॅडम, ते ब्रोमीनचं पाणी होतं ना? प्रॅक्टिकलला करायचो ते?"

"हो गं बाई."

"मग मला दाखल का करत नाहीत?"

पुढच्या सीटवर तिचा नवरा रोनक होता. त्यानं ऐकलं, आईकडे पाहिलं आणि तो पुन्हा रस्त्याकडे बघत बसला. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कॉलेजातून ब्रोमीनचं पाणी घेऊन मोहनलालशेठच्या दुकानात गेले. गिऱ्हाईकं जमली. दोन परीक्षानळ्यांत तेच पिवळं पाणी घेतलं. एकीत शिलाई मशीनचं तेल घातलं आणि हलवलं. पिवळेपणा तसाच. दुसरीत शेठच्या डब्यातलं शेंगदाणा तेल घातलं. रंग गेला.

"बघा शेठ, इथं कुणाला कावीळ नाही, तरी रंग गेला. शेंगदाणा तेलाच्या रेणूंत दुहेरी बंध असतात, आम्ही त्याला असंपृक्त म्हणतो. ब्रोमीन त्या बंधांना जाऊन जोडला जातो आणि रंग जातो. मशीनच्या तेलात तसे बंध नाहीत, म्हणून रंग राहतो. बाबाचं मंतरलेलं तेल असलंच काहीतरी आहे. कळलं?"

शेठचा चेहरा उजळला. मला वाटलं, जिंकले!

"म्हणजे मशीनच्या तेलानं जात नाही, आपल्या तेलानं जातो!" ते गिऱ्हाइकांकडे वळले. "बघितलंत? ही शुद्ध तेलाची ताकद!"

"अहो शेठ, समोरच्या दुकानातल्या तेलानंही जाईल!"

"समोरच्याच्या? शक्यच नाही, मॅडम. त्याच्यात भेसळ असते."

सगळे हसले. एका बाईनं तिथल्या तिथे सोनगीरला न्यायला पाव किलो तेल मागितलं. हातात नळी धरून मी वेड्यासारखी उभी. आयुष्यभर तेलाच्या शुद्धतेवर पोट भरलेल्या माणसाला मी त्याच्याच तेलाची जाहिरात करून दिली होती! डॉक्टरांना फोन लावला, तेही वैतागून म्हणाले, "घरचेच आणत नाहीत, मी काय उचलून आणू?"

संध्याकाळी पलक असंबद्ध बोलायला लागली. तेव्हा कुठे रोनकनं आईचं न ऐकता गाडी काढली. जळगावच्या डॉक्टरांनी तिला वाचवलं. बाळ पोटातच गेलं होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात भाभींनी माझा हात धरला. "पण मॅडम, रंग तर गेला होता ना? मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

"गेला होता, भाभी. बाटलीतला. पलकच्या रक्तातला कुणी बघितलाच नाही."

वाचणाऱ्यांनो, हात जोडून सांगते. कुणी रंग बदलून दाखवला तर एकच विचारा: रोगी इथं नसता तरी रंग बदलला असता का? बदलला असता, तर त्या रंगाचा रोग्याशी काडीचा संबंध नाही. रोग रक्त तपासून कळतो, आणि रक्त दवाखान्यात तपासतात. डोळे पिवळे दिसले की आधी तिथे जा. आमच्यासारखा उशीर करू नका.

आत पलक शुद्धीवर आली होती आणि पोटावर हात ठेवून बाळाचं विचारत होती. रोनक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भाभी मला म्हणाल्या, "तुम्ही तिच्या मॅडम आहात. तुम्हीच सांगा."