तेरा नव्हे, नऊ

शेंदूरजनाघाटच्या त्या शेडमध्ये शेवटचं संत्रं निवडून झालं, तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते आणि चंदाबाईच्या कमरेत काही म्हणजे काही उरलं नव्हतं. सकाळी सातपासून आठ बाया बसल्या होत्या. आता फक्त मुकादमाची तपासणी. निवडलेल्या ढिगातून पन्नास फळं काढायची. त्यात दहापेक्षा जास्त खराब निघाली, तर सगळा ढीग पुन्हा निवडायचा. पुन्हा म्हणजे आणखी तीन तास.

चंदाबाईची वर्षाली, अकरावीतली, आईला न्यायला आली होती. पालथ्या कॅरेटवर बसून ती चाचणीचा पेपर पाहत होती. परस्पर अपवर्जक घटना! नाणं पडलं की छापा नाहीतर काटा, दोन्ही एकदम नाही, एवढं कळलं होतं. पण ‘पत्त्यांतलं एक पान राजा किंवा बदाम असण्याची शक्यता किती’ या गणितात तिनं चार राजे आणि तेरा बदाम धाडकन मिळवून सतरा केले होते. सरांनी लाल पेनानं लिहिलं होतं, ‘बदामचा राजा दोनदा आला का?’ हे काय ते तिला कळेना.

इकडे गजेंद्रभाऊ मुकादमानं पन्नास फळं एकेक करून लोखंडी कड्यातून पाहिली. आरपार गेलं ते लहान. सहा. खडूच्या सहा रेघा मारून फळं परत कॅरेटात टाकली. मग तीच पन्नास काढून डाग पाहिले. सात.

“तेरा झाले. निवडा पुन्हा.”

कोणी भांडलंसुद्धा नाही. भांडायलाही जीव लागतो.

“आता माहे डोळेच काढून ठेव तुह्या कड्यात,” मैनाबाई म्हणाली आणि ढिगाला टेकून बसली.

वर्षालीची नजर कॅरेटातल्या एका इवल्याशा, डागाळलेल्या संत्र्यावर पडली. हाच तो बदामचा राजा!

“थांबा भाऊ! याले कितींदा मोजलं तुमी?”

“एकदा लहानात, एकदा डागात. मंग?”

“मंग एकच संत्रं दोनदा कसं खराब होईन?”

“लय शिकली तुही पोरगी, चंदाबाई.”

“शिकू द्या,” चंदाबाई मान वर न करताच म्हणाली.

“लहान अन् मोठं एकदम होतच नाही, भाऊ, तिथं नुसती बेरीज चालते. लहान अन् डागी एकदम होते. असे किती, ते पाहा.”

गजेंद्रभाऊ कुरकुरत उकिडवा बसला. दोन्ही खोडी असलेली चार निघाली. तेरातून चार गेले. त्यानं बोटांवर दोनदा मोजलं, मग चपलेनं रेघा पुसल्या. त्याचेही पाय सकाळपासून उभेच होते.

“नऊ. जा बापा घरी.”

वर्षालीला उडी मारावीशी वाटली. पण बाया नुसत्या चपला शोधू लागल्या. आईनं उठण्यासाठी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळा भार टाकला. मग उडी राहूनच गेली.

मैनाबाईला तर काहीच ठाऊक नव्हतं. तिला झोप लागली होती.

“मावशी, उठा. घरी चाला.”

मैनाबाईनं डोळे किलकिले केले. हात आपोआप ढिगाकडे गेला, एक संत्रं उचललं आणि ती ते फिरवून फिरवून डाग शोधू लागली.

वर्षालीनं ते हळूच तिच्या हातातून काढून घेतलं.